वार्निशवर आलेलं पांढरं

…नाही, नाही वहिनी, पुसू नका. ते ओलं फडकं आधी खाली ठेवा. फडक्यानं हे जात नाही — घासत बसलात तर वरचं पांढरं तसंच राहील आणि खालचा रंग तेवढा निघून येईल. बसा तुम्ही. जिना चढून आलात, जरा दम खा. पेटी द्या माझ्याकडे — दोन्ही हातांनी — हां, आली. अरे अरे. उजेडात आणल्यावर तर आणखीच दिसतंय. पिठात पडून उठल्यासारखी झालीयेत माणसं. हा हजान बघा, ताटावर हात धरून प्रार्थना म्हणतोय बिचारा, आणि दाढीपासून पायापर्यंत राख फासलेली. आणि हा खांबाला टेकलेला — तो राहू दे, तो नंतर बघू. काय केलंय हो पण तुमच्या नवऱ्यानं, कितीदा बघितलं तरी मन भरत नाही. करंगळीएवढी माणसं! तारेवर लांबीची पुटी चढवायची, सुकवायची, सुरीनं कोरायची, मग केसाएवढ्या ब्रशनं रंगवायची. मलिद्याचं ताट माझ्या नखाएवढं, तरी त्यात पोहे दिसतात, खोबरं दिसतं, वर खजूर आणि केळ्याचे काप. इथं इस्रायलात, डिमोनात जन्मलेल्या पोरांना कळायला पाहिजे म्हणतो, कोकणात नवगावच्या घरात एलियाहू हन्नाबी प्रेषिताच्या नावाचा मलिदा कसा व्हायचा. झाडांच्या सणाला, तू बिश्वातला, सिनेगॉगच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत मांडायचं, सगळ्यांनी वाकून वाकून बघायचं. होईल, होईल — डोळे पुसा तुम्ही. सणाला अजून अवकाश आहे, आणि हे बरं होणारं दुखणं आहे.

दाखवतो ना. तेवढी ती शेल्फवरची बाटली द्या — ती नाही, ती खोकल्याची — हां, तिळाच्या तेलाची. आणि कापूस. आता बघा, या खादाड गृहस्थाच्या कोटावर नुसतं टेकवतो — घासत नाही, टेकवतो — बघा! गेलं की नाही पांढरं? कसा निळा उघडला कोट! म्हणजे काय, की रंगाला काही झालेलं नाही, रंग खाली शाबूत निजलाय, दुखणं आहे ते वरच्या वार्निशच्या थरात. तेल पुसलं की पुन्हा थोडं दिसेल, ते दिसू दे. तेल नीट टिपून घ्यायचं आणि दुपारच्या उन्हात, हवा कोरडी ठक्क असताना, वर आणखी एक पातळ हात द्यायचा. आतलं धुकं त्यात विरघळून जातं. तेलानं पारख होते. आपण तेल गाळणारी माणसं, शनवार तेली — आपल्याला तेलानं नाही सांगायचं तर कुणी — हं. काय म्हणत होतो मी? हां, कोट. कोट छान केलाय.

तुमच्या इसाकला पित्ताचे खडे झाले तेव्हाच मी म्हटलं होतं, ही कामं घाईची नव्हेत, तू आधी पोट बघ. दवाखान्याच्या कागदावर यित्झहाक झालाय तो, पण माझ्या तोंडात इसाकच बसलंय — तर इसाक मला म्हणाला, अबाजी, माणसं सगळी झाली, फक्त वार्निश राहिलंय, तेवढं तुझ्या हातून होऊ दे, तू रंगाच्या पिस्तुलानं मोटारी रंगवलेला माणूस. रुग्णगाडीत चढता चढता म्हणाला हो, एका हातानं पोट धरलेलं आणि दुसऱ्या हातानं मला बजावतोय, चकाकी नको अबाजी, आपली माणसं तुळतुळीत दिसता कामा नयेत. आणि मी — मी म्हटलं, तू नीट जा आणि नीट ये. बोलणं काल झालं का त्याच्याशी? परवा सोडतील म्हणाले? बरं झालं. म्हणजे — बरंच झालं. आणि याचं काय म्हणाला?

तुम्हाला असं म्हणाला?

"तुझा हात लागला की सगळं नासतं" — असं? फोनवर? आजूबाजूला नर्सा असताना? आणि तुम्ही ऐकून घेतलंत. आणि म्हणून काल गेला नाहीत बेर शेवाला, दवाखान्यात, घरीच बसलात, भातसुद्धा शिजवला नाहीत, कुकर वर माळ्यावर टाकून दिलात. वहिनी, कुकर कशाला टाकायचा? कुकरनं काय केलंय? त्याचा राग तुम्हाला माहीत आहे, भडकतो आणि विझतो, पण असं बोलायचं — नाही, त्याची चूक नाही. त्याला जे सांगितलं त्यावर तो बोलला. सांगितलं काय, की कुकरची वाफ लागली. तुम्ही सांगितलंत. तुम्हाला कुणी सांगितलं? जाऊ दे. तुम्ही सारखं चुकलं चुकलं म्हणू नका हो. पाणी घ्या.

पांढरं पांढरं म्हणतात वहिनी, पण सगळं पांढरं एक नसतं, हे मी तुम्हाला सांगतो. उन्हाळ्यात इसाकनं गच्चीवर जाऊन प्रायमर मारलं, आठवतं? रंग धरावा म्हणून आधी जो हात द्यायचा, तो. वाळवंटाचा तो भट्टीसारखा वारा सुटलेला, आणि हा हात लांब करून डासांचं औषध फवारावं तसा उभा. मी म्हटलं, अरे बाबा, रंग हवेतच वाळतोय, माणसापर्यंत पोचेस्तोवर त्याची भुकटी होतेय. बोट फिरवलं तर काचपेपर! मग रागावून नाकाशी डबा धरून मारला, तर सगळ्यांची नाकंडोळी बुडाली, हजानाची दाढी म्हणजे शेवयांचा लगदा. तुमच्या मुलानं, अमोसनं तेल अविवहून पाठवलेले अर्धे डबे त्यात गेले. तेव्हा मी त्याच्याशेजारी बसून दाखवलं — डबा आधी कोमट पाण्यात ठेव, भरपूर हलव, वीतभर लांब धर, फवारा माणसाच्या अलीकडे सुरू कर आणि माणूस ओलांडला की मग बोट उचल. पातळ थर दे आणि थांब. वाळू दे. पुन्हा दे, पुन्हा थांब. मला म्हणाला, अबाजी, यात काम थोडं आणि थांबणंच फार. मी म्हटलं, थांबणं हेच काम आहे. मोठा शहाणा मी. थांबणं हेच काम आहे म्हणे.

ते पांढरं खरखरीत होतं. हे तसं नाही, यावर बोट फिरवा — गुळगुळीत आहे की नाही? हे धुकं. भायखळ्याच्या गॅरेजात उस्ताद होता आमचा, तो पावसाळ्यात लॅकरचं काम हातात घ्यायचाच नाही. शेठ येऊन बोंबलायचे, लग्नाला गाडी पाहिजे, हा ढिम्म. म्हणायचा, हवेत ओल आहे, वार्निश वाळता वाळता ती ओल पोटात ओढून घेणार आणि पांढरं पडणार, नंतर माझ्या नावानं शिव्या. तेव्हापासून मी हवा हुंगल्याशिवाय पिस्तुलाला हात लावला नाही. आणि इथं ओल कुठली म्हणाल तर इथंही येते. हिवाळ्यात दिवसभर ओठ फुटतील इतकं कोरडं, पण सूर्य गेला रे गेला की हवा गार पडते आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा भिजतात. दव हो. एकदा सूर्य गेला की मग —

म्हणजे वाफेचंही तसंच. ओल ती ओल.

आणखी कापूस आहे का त्या डब्यात? राहू दे, आहे इथं.

काय म्हणालात?

बायका.

हो. खरं आहे. दाराशी उभ्या असलेल्या बायका स्वच्छ आहेत. ही नारळवाली, ही हिरव्या साडीची, ही पदर तोंडाशी धरून हसणारी — आणि अलीकडच्या चटईवरचे हे दोन म्हातारे. लख्ख आहेत. तुम्हीच बघितलंत की मी मघाशी बोललो काही? नाही, तुम्हीच बघितलंत. बायकांनी बायका बघितल्या. आता — आता कसं झालं असेल, की वाफ एका बाजूनं आली असेल, चुलीकडची बाजू — नाही, बायका तर कडेला आहेत आणि पुरुष मधे. वाफ लागायची तर आधी कडेला लागेल. शिवाय वाळलेल्या वार्निशला कुकरची वाफ काय करणार आहे, चार शिट्ट्यांनी काय होतं, मोटारी पावसात उभ्या राहतात त्या काय पांढऱ्या पडतात? वहिनी, मी काय बोलतोय मलाच कळत नाही. माझ्याकडे असं बघू नका.

वाफ नाही लागली.

नाही लागली वाफ. मीच म्हणालो होतो, हो. रविवारी सकाळी ही माणसं मांडलेल्या मोठ्या ताटावर फडकं झाकून मी खाली आणलं, तुमच्या साइडबोर्डावर ठेवलं आणि पळालो. पळालो म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं पळता येईल तेवढं. दुपारी तुम्ही घाबरून बोलवायला आलात, फडकं उचलून दाखवलंत, बाजूला स्टोव्हवर कुकर शिट्ट्या देत होता, आणि तो कुकर मला दिसला. दुसरं काही नाही, नुसता दिसला. आणि तोंडातून गेलं — वाफ लागली असेल, वहिनी. तुमचं तोंड एवढंसं झालं ते मी बघितलं. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, नाही हो, गंमत केली. मी म्हटलं, संध्याकाळी सांगू. मग म्हटलं, इसाकचं ऑपरेशन होऊ दे, मग सांगू. मला काय माहीत तुम्ही लगेच फोन करून सगळं आपल्या अंगावर घ्याल म्हणून! नाही, असंही नको म्हणायला. माहीत होतं. तुम्ही तसंच करता.

थांबा, एकदा सुरू केलंय तर सांगू द्या. मी काही शिकलेला नाही, मला मुद्देसूद येत नाही, उलटसुलट येईल. शुक्रवारी दुपारी बाल्कनीत मी ताट मांडलं. ऊन छान होतं, हवा कोरडी. बायका केल्या, ते दोन म्हातारे केले. डब्याची तार जमली होती, एकही थेंब ओघळला नाही. आणि मग शब्बाथचा भोंगा वाजला, सूर्य बुडाला की काम बंद. हिवाळ्यातला शुक्रवार, वहिनी, हा म्हणता संपतो. भोंगा वाजला तेव्हा अर्धी माणसं राहिली होती. ठेवायचं ना खाली? डबा खाली ठेवायचा, हात धुवायचे, किल्ली घ्यायची, सिनेगॉग उघडायचं. मी शमाश. मी दार उघडल्याशिवाय कुणी आत जात नाही. एवढी वर्षं भोंगा वाजायच्या आधी मी दाराशी असतो, मेणबत्त्या मांडलेल्या, पुस्तकं लावलेली. पण मी डबा खाली ठेवला नाही. भोंग्यानंतर जरा सवड असते म्हणतात — ती सवडही गेली. समोरच्या ब्लॉकमध्ये खिडक्या-खिडक्यांतून दिवे लागलेले मी बघितले, डोंगरामागचा लाल पट्टा विझलेला बघितला, आणि बघून, वहिनी, कळून सवरून, बोट दाबलं. हजानावर मारलं. ताटावर मारलं. प्रार्थनेला बसलेल्या माणसांवर शब्बाथला वार्निश! आपल्या बापजाद्यांना गावानं काय नाव दिलं होतं? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली. तेलाचं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी बैल सुटलेला तो सुटलेलाच. त्यांच्या घरात जन्मून मी इथं, सगळा गावच भोंगा वाजवून थांबतो अशा देशात, अंधारात उभा राहून डबा खुळखुळवतोय. आणि हवा कशी होती? ओली. कठडा हाताला ओला लागला. उस्तादाचं सगळं आठवत होतं मला. म्हणून म्हणतो, न कळून झालं असंही नाही.

लोक थंडीत बंद दाराशी उभे होते. मी पोचलो तर म्हटलं गुडघा धरला. कुणी हुं की चूं केलं नाही, उलट एकानं खुर्ची दिली. बोटांना वार्निश तसंच, पान उलटायला गेलो की पान चिकटून यायचं, आणि प्रत्येक वेळी बारीक फाटल्यासारखा आवाज. मला वाटायचं सगळ्यांना ऐकू जातोय.

का नाही थांबलो? विचारा, विचारा, ते विचारायलाच पाहिजे. अमोस येणार होता ना शनिवारी रात्री, काचेच्या पेटीचं माप घ्यायला, तोवर ताट वाळलेलं पाहिजे — असं मी स्वतःला सांगितलं. आणि अमोस आलाच नाही, त्याची गाडी बंद पडली, ते वेगळं. पण ते कारण खरं नाही. दुपारभर काय करत होतास अबाजी, की भोंग्यापर्यंत अर्धीच माणसं झाली? कामाला बसलो होतो मी जेवणाआधीच. मग? वेळ गेला कुठे?

तो द्या इकडे. खांबाला टेकलेला. हो, तोच, ज्याला मी मघापासून हात लावत नाही. कोण आहे ओळखलंत ना? सगळे ओळखतील. टोपी एका कानावर, हनुवटी छातीला लागलेली, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. इसाकनं सगळी माणसं आपल्यातलीच केली, स्वतःला केलं तर ताटाकडे आशाळभूत बघणारा ढेरपोट्या केला, आणि मला केलं तर झोपलेला. मलिद्याची प्रार्थना चाललीय, आणि शमाश झोपलाय. वर मला दाखवून हसत होता, म्हणे अबाजी, तोंडातून लाळ काढणार होतो, पण म्हटलं म्हातारा माणूस, राहू दे. मीही हसलो. हसायलाच पाहिजे, झोपतो खरा मी, गेल्या योम किप्पुरच्या प्रार्थनेला घोरलो म्हणतात. पण ताट माझ्या घरी आल्यावर, एकटा बसलो असताना, मला सारखा तोच दिसायचा. वाटायचं, मी गेल्यावर पण ही पेटी हॉलमध्ये राहणार. नवी पोरं येतील, शानी, गिल, त्यांना मराठी येत नाही, हिब्रूत विचारतील, हा कोण? आणि कुणीतरी सांगेल, तो शमाश होता, झोपायचा. एवढी वर्षं पहाटे उठून दार उघडलं, त्याचं काही नाही दिसणार. दिसणार हे.

म्हणून मी त्याचे डोळे उघडले.

सुईच्या टोकानं. पांढरा ठिपका आणि त्यात काळा. उजवा बरा झाला. डावा तिरळा झाला. पुसला, पुन्हा केला, पुन्हा तिरळा. मग उजवा त्याला जुळेना. दुपार सगळी त्या दोन डोळ्यांत गेली वहिनी, तिळापेक्षा लहान डोळे! आणि दिसतो कसा माहीत आहे? मान तर खालीच आहे, नुसते डोळे उघडे. काहीतरी खाली पडलंय आणि ते शोधतोय असा दिसतो. झोपलेला बरा होता. पण इसाकचं तुम्हाला माहीत आहे, त्यानं बघितलं तर ओलं बोट लावून तिथल्या तिथं पुसून टाकील आणि आयुष्यभर मला चिडवील. एकदा वार्निश चढलं की डोळे आत गेले, मग पुसता येत नाहीत. म्हणून घाई. म्हणून नाही थांबलो. शब्बाथ मोडला तो काही गाय बुडत होती म्हणून नाही, कुणाचा जीव जात होता म्हणून नाही. दोन डोळ्यांसाठी. आणि त्यावर तुमचा कुकर, आणि त्यावर त्याचं ते बोलणं — तुझा हात लागला की नासतं. हात माझा होता.

गंमत बघा, पांढरं सगळ्यात जास्त यालाच आलंय. डोळे दिसतच नाहीत. आता याला बरं करायचं म्हणजे ते पुन्हा दिसणार. म्हणून बाजूला ठेवत होतो. तुमच्या देखत हजान बरा करीन, ताट बरं करीन, आणि याला म्हणीन, हा गेला कामातून, नवा करावा लागेल. असंसुद्धा ठरवलं होतं मी. तुम्ही जिना चढत होतात तेव्हा ठरवलं.

वहिनी, रागवा की. एवढं सांगितलं, तुम्हाला नवलसुद्धा वाटल्याचं दिसत नाही. मी काय रोज शब्बाथ मोडतो?

काय?

काय म्हणालात, पुन्हा सांगा.

वास. शुक्रवारी. तुम्ही दिवे लावलेत, डोळ्यांवर हात घेतलेत, आणि वरून वार्निशचा वास आला. बाल्कनीचं दार उघडं होतं तुमचं. आणि डबा वाजताना ऐकलात. म्हणजे — थांबा. म्हणजे रविवारी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभा राहून वाफ म्हटलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. नुसती मान हलवू नका, तोंडानं सांगा. ठाऊक होतं. तुमचं तोंड एवढंसं झालं ते कुकरमुळे नाही. माझ्यामुळे. मी खोटं बोलतोय हे तुमच्यासमोर उभं राहिलं म्हणून.

आणि तरी फोनवर तुम्ही इसाकला वाफच सांगितलीत.

का हो, वहिनी? किल्ली? इसाकच्या तोंडात काही राहत नाही, सिनेगॉगच्या मुकादमाच्या कानावर जाईल, आणि माझ्याकडून किल्ली काढून घेतील म्हणून? मी एकटा माणूस, किल्ली गेली तर पहाटे उठून जाणार कुठे म्हणून? असा विचार केलात तुम्ही. कुकरजवळ उभ्या उभ्या. आणि ही पेटी घेऊन आज वर आलात ती मला जाब विचारायला नाही. तुम्हाला नीट करायचंच होतं फक्त. मी आपलाच एकेक धागा उसवत बसलो. "तो माझ्यावर तसाही चिडतोच, त्यात आणखी एक" — असं नका बोलू. वहिनी, असं बोलू नका, मला ऐकवत नाही. शिव्या दिल्या असत्यात तर मी त्या गिळल्या असत्या, माझ्या वाट्याच्या होत्या. हे मला गिळता येत नाही.

नाही. नाही, मी सांगणार. किल्लीचं काय व्हायचं ते होईल, मुकादमाकडे मी स्वतः नेऊन ठेवतो, परत दिली तर दिली. उरलेली माणसं उद्या दुपारी उन्हात होतील, तेल टिपून, पातळ हात देऊन, तुम्ही बघाल कशी उघडतात. पण आधी इसाक. अजून ऊन आहे, बेर शेवाची बस आहे. माझा कोट कुठे गेला — हां. या खांबवाल्याला रुमालात घेतो. तेल लावून डोळे दिसतात तसे त्याच्या पुढे ठेवतो, त्याला पुसायचे तर पुसू दे, हसायचं तर हसू दे, टाके दुखेपर्यंत हसू दे. पण हसायच्या आधी मी त्याला तुमच्याबद्दलचं ते वाक्य परत घ्यायला लावणार. ते आधी.

तुम्ही कशाला उठताय? चपला कशाला घालताय? नको वहिनी. तुम्ही नाही यायचं. तुम्ही खाटेशी उभ्या असलात की मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणाल, वाफ लागली. खाली जा तुम्ही. कुकर माळ्यावरून काढा, भात लावा, दोन घास खा. जा. ऐका माझं — जा.